जुन्या मोटारीतील गारवा आणि एक लहानसा खटका

उन्हाळा लागला की आमच्या टपालाचा रंग बदलतो. कैरीचे पन्हे किती दिवस टिकते, माठातील पाणी गार होईनासे झाले तर काय करावे, कूलरच्या टाकीला येणारा वास कसा घालवावा, अशी विचारणा करणारी पत्रे वडोदऱ्यापासून हैदराबादेपर्यंत सर्व ठिकाणांहून येऊ लागतात. त्यांतच एक प्रश्न अलीकडे वारंवार आढळतो, आणि तो म्हणजे जुन्या मोटारीतील वातानुकूलनाचा. गाडी पंधरा-वीस वर्षांची झालेली, इंजिन उत्तम, घरातील सर्वांचा तिच्यावर जीव. परंतु एसी कधी थंड हवा देतो, कधी देत नाही. गाडी कारागिराकडे न्यावी तर एक म्हणतो गॅस संपला, दुसरा म्हणतो कॉम्प्रेसर गेला. यांतले खरे कोणते, हे मोटारीच्या धन्याने ओळखावे कसे?

खरे सांगायचे तर या प्रश्नाकडे मी इतके लक्ष दिले नसते; परंतु गेल्या मे महिन्यात तो माझ्याच आप्तांच्या घरात येऊन उभा राहिला. माझे थोरले मामा इंदूरला असतात. मामींना मूत्रपिंडाचा विकार आहे. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी रुग्णालयात न्यावे लागते. सकाळी लवकर निघायचे आणि दुपारी बाराच्या सुमारास परतायचे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना हे ठाऊक असेल की अशा माणसाला पाणीदेखील मोजून प्यावे लागते. बाहेर बेचाळीस अंश तापमान, गाडीच्या काचा बंद, एसीतून गरम वाफारा, आणि तहान लागली तरी दोन घोटांपलीकडे जायचे नाही, अशा स्थितीत सात किलोमीटरांचा रस्ता किती लांब होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

मामांचा दूरध्वनी आला तो असा : "अरे, सकाळी जाताना हवा अगदी बर्फासारखी येते. दुपारी परतताना सिग्नलला थांबलो की गरम. गाडी जरा धावू लागली की पुन्हा थोडी गार. एकाने गॅस भरला, तर त्यानंतर जास्तच बिघडले. आज दुसऱ्याला दाखवली. तो म्हणतो, कॉम्प्रेसर बदलावा लागेल. तोवर प्रेशर स्विच डायरेक्ट करून देतो, म्हणजे एसी बंद पडणार नाही. करू का डायरेक्ट?"

मी म्हणालो, "मामा, आज रात्रीपर्यंत थांबा. तारेला हात लावू देऊ नका."

हा 'प्रेशर स्विच' म्हणजे काय, तो काय करतो, आणि 'डायरेक्ट करणे' ही आपल्या गॅरेजांतून सर्रास होणारी गोष्ट इतकी घातक का, हे आज आपण पाहू. पेशाने भाषांतरकार असल्यामुळे मी प्रथम त्याला 'दाब-खटका' असा प्रतिशब्द योजून पाहिला. मामांनी तो शब्द तेथील कारागिरापुढे उच्चारला तेव्हा तो बिचारा बुचकळ्यात पडला. तेव्हा आपण प्रेशर स्विच असेच म्हणू.

मोटारीतील थंडावा कसा निर्माण होतो हे थोडक्यात आठवू. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायू दाबतो. दाबलेला वायू तापतो. तो गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीतून जाताना बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. हा द्रव एका लहान डब्यात गाळला जातो व त्यातील ओलावा शोषला जातो. या डब्याला ड्रायर म्हणतात. पुढे एका बारीक तोंडाच्या झडपेतून तो द्रव डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्ये फवारला जातो, तेथे त्याची वाफ होते, आणि ती होताना गाडीतील हवेची उष्णता ती ओढून घेते. मग तो वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. सारे चक्र एवढेच.

कॉम्प्रेसरचे चाक पट्ट्याबरोबर सतत फिरत असते. पण आतील यंत्र फिरते ते त्याच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या चुंबकाने, म्हणजे क्लचने, पकड घेतली तरच. एसीचे बटण दाबल्यावर बॉनेटखालून जो 'खट्' असा आवाज येतो तो या क्लचचा. आज ही गोष्ट आपल्याला स्वाभाविक वाटते. पण १९३९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने वातानुकूलित मोटार मांडली तेव्हा तिच्या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. थंडावा नको असेल तेव्हा इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवावा लागे! क्लच आला म्हणूनच त्याला 'धर' आणि 'सोड' असे सांगणारी छोटी छोटी पहारेकरी उपकरणे पुढे शक्य झाली. प्रेशर स्विच हा त्यांतला मुख्य पहारेकरी होय.

आपल्याकडील बहुतेक जुन्या गाड्यांत तो ड्रायरवर किंवा ड्रायरजवळच्या द्रवाच्या नळीवर बसविलेला असतो. अंगठ्याएवढा नट, त्याच्या डोक्यावर प्लास्टिकचा प्लग आणि त्यातून निघणाऱ्या दोन किंवा चार तारा, असे त्याचे रूप. आत एक पातळ पडदा असतो. खालून वायूचा दाब त्या पडद्याला रेटतो आणि वरचे विजेचे संपर्क त्यानुसार जुळतात किंवा सुटतात. आर-१३४ए या वायूवर चालणाऱ्या पुष्कळ गाड्यांत त्याची बांधणी अशी असते की दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २ किलोंच्या खाली गेला तर संपर्क सुटावा, आणि सुमारे ३२ किलोंच्या वर गेला तरीही सुटावा. या दोन मर्यादांच्या मध्ये तो जुळलेला राहतो. गॅरेजच्या भाषेत हेच आकडे अनुक्रमे २८ आणि ४५५ पौंड होतात. खालची मर्यादा म्हणजे आपल्या मोटारीच्या टायरात जेवढी हवा असते जवळजवळ तेवढा दाब, आणि वरची मर्यादा म्हणजे त्याच्या सोळापट. गाडीगाडीप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात. आपल्या गाडीचे आकडे तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावेत.

खालच्या मर्यादेचे प्रयोजन काय? कॉम्प्रेसरला इंजिनासारखी स्वतंत्र तेलाची सोय बहुधा नसते. त्याचे तेल वायूबरोबरच साऱ्या नळ्यांतून फिरते आणि वायूबरोबरच परत येते. गॅस गळून गेला म्हणजे तेल परत आणणारा वाहकच नाहीसा होतो. अशा स्थितीत क्लच पकड घेत राहिला तर कॉम्प्रेसर कोरडा फिरतो, तापतो, त्याच्या धातूचा चुरा होतो, आणि तो चुरा सर्व नळ्यांतून, झडपेतून, कंडेन्सरच्या बारीक भोकांतून पसरतो. मग एका कॉम्प्रेसरवर भागत नाही.

वरच्या मर्यादेचे प्रयोजन गृहिणींना अधिक सहज कळेल. प्रेशर कुकरची शिट्टी अडकली तर वाफेला वाट मिळावी म्हणून झाकणात एक सुरक्षा-झडप असते. ती वितळली म्हणून कोणी तिच्या जागी खिळा ठोकून कुकर चुलीवर चढवीत नाही. प्रेशर स्विच 'डायरेक्ट करणे' म्हणजे त्याचा प्लग काढून दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकणे. अर्थात तो खिळाच ठोकणे. एसी चालतो हे खरे. तो थांबायला हवा तेव्हाही चालतो, हा त्यातला घोटाळा. पुष्कळ कॉम्प्रेसरांवर दाब सोडणारी आणखी एक झडप असते हे मान्य. परंतु ती शेवटची वाट आहे, रोजची नव्हे.

आता मामांच्या गाडीकडे वळू. रोग ओळखण्याची किल्ली त्यांच्या बोलण्यातच होती. सकाळी ठीक, दुपारी बंद. धावताना ठीक, थांबल्यावर बंद. गॅस कमी असता तर सकाळीही थंडावा कमीच राहिला असता. कॉम्प्रेसर निकामी असता तर धावताना बर्फासारखी हवा आली नसती. गाडी धावते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो. थांबते तेव्हा ते काम पंख्याने करायचे असते. दुपारी, उभ्या गाडीत, दाब चढत जाऊन स्विचने क्लच सोडविला आणि गाडी चालू लागताच दाब उतरून क्लचने पुन्हा पकड घेतली, असा याचा सरळ अर्थ होता. पहिल्या कारागिराने न मोजता आणखी गॅस भरला. त्यामुळे दाब अधिकच चढू लागला, आणि म्हणून जास्त बिघडले.

हे सर्व दूरध्वनीवरून सांगणे सोपे असले तरी खात्री हवी. मामांच्या ओळखीचे एक वृद्ध कारागीर जुन्या वस्तीत छोटे दुकान चालवितात. त्यांच्याकडे दोन गेज आणि गॅस काढून घेण्याचे यंत्र होते. मी मामांना एवढेच सांगितले की गाडी भर दुपारी न्या, सकाळच्या थंड वेळेला नेऊ नका. (डॉक्टरांकडे गेले की ताप उतरतो, तसे गाडीचेही असते.) पुढे घडले ते मामांनी मला जसे वर्णन करून सांगितले तसे येथे देतो. इंजिन चालू, गाडी उभी, गेज लावलेले. जास्त दाबाच्या बाजूचा काटा १६ वर, मग २०, २५, २८ असा चढत गेला. बत्तिसाच्या जरा अलीकडे 'खट्' झाले आणि काटा उतरू लागला. सव्वीसाच्या आसपास पुन्हा 'खट्'. स्विच आपले काम अगदी चोख करीत होता. त्या गृहस्थांनी मग कंडेन्सरच्या पंख्याकडे बोट दाखविले. पाती फिरत होती, पण ती मोजता येतील इतकी हळू. पंख्याला बॅटरीवरून थेट वीज देऊन पाहिली, तरी तो तसाच. मोटर संपली होती. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की थेट वीज दिल्यावर पंखा जोरात फिरला असता, तर दोष पंख्यात नसून त्याच्या रिलेत, तारेत किंवा प्रेशर स्विचच्याच मधल्या संपर्कात शोधावा लागला असता. कारण चार तारांच्या स्विचमध्ये दोन तारा क्लचसाठी असतात आणि उरलेल्या दोन, दाब सुमारे १५ किलोंवर गेला म्हणजे पंखा जोरात चालविण्यासाठी.

पंखा बदलला. कंडेन्सरच्या जाळीत साचलेली धूळ व वाळका पाला पाण्याच्या हलक्या धारेने काढला. जोराच्या धारेने जाळीचे पातळ पापुद्रे दुमडतात, म्हणून हलक्या. जादा झालेला गॅस यंत्राने काढून घेतला, पंपाने नळ्या निर्वात केल्या आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरला. बाहेर एक्केचाळीस अंश असताना उभ्या गाडीत काटा एकोणीसच्या आसपास स्थिरावला. या सर्वाचा खर्च कॉम्प्रेसरसाठी सांगितलेल्या रकमेच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी आला. आदल्या दिवशी तारा जोडून टाकल्या असत्या तर काय झाले असते? पंखा तसाच मंद, दाब ३२ च्याही पुढे, आणि एखाद्या दुपारी नळी फाटून गाडी रस्त्यातच उभी, आत मामी.

आता उलट प्रकारची तक्रार घेऊ. हिवाळाभर एसी लावलाच नाही. चैत्रात बटण दाबले तर पंख्याची हवा येते, पण 'खट्' असा आवाज मुळीच येत नाही. पुष्कळ जण येथेच 'स्विच गेला' असे ठरवितात व नवा विकत आणतात. नवा स्विच बसवूनही 'खट्' होत नाही, मग बाजारात नकली माल आल्याची तक्रार सुरू होते. वस्तुतः जुना स्विच सांगत होता ते खरे होते : गॅस नाही.

येथे क्रमाने जावे. प्रथम फ्यूज पाहावा. दहा रुपयांच्या फ्यूजपायी हजारोंचा खर्च झालेला मी पाहिला आहे. नंतर रिले; शेजारच्या खाचेत तसाच दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहता येते. मग इंजिन बंद ठेवून प्रेशर स्विचचा प्लग काढावा आणि त्याच्या पोटात डोकवावे. पावसाळ्यानंतर तेथे पितळेवर हिरवा थर चढलेला पुष्कळदा आढळतो, आणि उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी तारा कुरतडलेल्या आढळतात. स्विचच्या डोक्यावर तेलाचा ओलसर डाग असेल तर गळती बहुधा तेथूनच आहे असे समजावे; जुने स्विच आपल्याच अंगातून गॅस सोडू लागतात. साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे येतील.

यानंतर मल्टिमीटर. प्लग काढलेल्या स्विचच्या क्लचच्या दोन टोकांमधला विरोध मोजावा. तो शून्याजवळ असेल तर संपर्क जुळलेला आहे. मीटर काहीच दाखवीत नसेल तर तो सुटलेला आहे. परंतु एक सूक्ष्म गोष्ट आहे. जुना, आतून जळालेला संपर्क मीटरच्या अत्यल्प प्रवाहाला वाट देतो आणि क्लचचा प्रवाह आला की कच खातो. काही जुन्या गाड्यांत क्लचचा तीन-चार ॲम्पियर प्रवाह सरळ या स्विचमधूनच जातो, त्यांत हे विशेष घडते. तेथे मीटरपेक्षा बारा व्होल्टांचा साधा चाचणी-दिवा अधिक खरे बोलतो. प्लग लावून, एसी चालू करून, स्विचच्या आधी आणि नंतर असा दोन्हीकडे दिवा लावून पाहावा. आधी लख्ख आणि नंतर मिणमिणता, किंवा नंतर अंधार, असे असेल तर वीज स्विचमध्येच अडते आहे.

वीज तेथे अडते हे कळले, म्हणून स्विच दोषी ठरत नाही. गुरख्याने फाटक बंद ठेवले तर आत काय चालले आहे हे आधी पाहावे. यासाठी गेज हवे. गाडी काही तास थंड पडू द्यावी आणि इंजिन बंद असतानाच दोन्ही बाजूंचे दाब पाहावे. ते सारखेच असतील. तीस अंशांच्या हवेत आर-१३४एचा दाब सुमारे ६.८ किलो, म्हणजे ९७ पौंड, असतो. चाळीस अंशांत तो ९.३ किलोंच्या आसपास जातो. गेजवर हे आकडे असून स्विच सुटलेलाच असेल, तर स्विच खराब, निःशंकपणे बदलावा. गेजवर दीड-दोन किलोच असतील तर स्विच निर्दोष, गळती शोधावी.

येथे एक फसगत होते, तिच्याविषयी दोन शब्द अधिक लिहिणे आवश्यक वाटते. बंद गाडीवर गेज लावून "गॅस फुल आहे" असे सांगणारे कारागीर आपल्याला भेटतात. ते खोटे बोलत नसतील, पण त्यांचे म्हणणे खरे नसते. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर पाहा. भरलेले असो की चतुर्थांश उरलेले, शेगडीची ज्योत जवळजवळ सारखीच जळते, आणि एके दिवशी भाजी अर्धी शिजलेली असताना एकाएकी विझते. कारण आत थोडा जरी द्रव उरला असेल तोवर वरच्या वाफेचा दाब हा द्रव किती आहे यावर अवलंबून नसतो. तो हवा किती तापलेली आहे यावर ठरतो. म्हणूनच आपल्या आया-बहिणी दाबावरून अंदाज करीत नाहीत, सिलिंडर उचलून पाहतात. मोटारीतही तसेच. लहान गाडीत एकूण गॅस असतो अर्ध्या किलोच्या आसपास. त्यांतला निम्मा गेला तरी बंद गाडीचे गेज तोच आकडा दाखवील आणि स्विचही जुळलेलाच राहील. किती गॅस आहे हे केवळ वजनावरून कळते. यास्तव "थोडा टॉपअप करून देतो" असे म्हणणाऱ्यास, आतला गॅस काढून, तोलून भरता का, असे विचारावे. आणि गॅस कमी झाला असेल तर तो कोठून तरी गेलाच आहे, हेही विचारावे.

आता तारा क्षणभर जोडून पाहण्याच्या चाचणीविषयी. अनुभवी कारागीर ही चाचणी करतात आणि ती मर्यादेत योग्यही आहे. इंजिन मंद चालू असता, गेजवर पुरेसा दाब दिसत असता, दोन तारांच्या स्विचचा प्लग काढून त्याच्या खाचांत तारेचा तुकडा दोन-तीन सेकंद लावला आणि 'खट्' झाले, तर पुढील तारा, रिले व क्लच शाबूत आहेत एवढे सिद्ध होते. मग तुकडा काढून टाकायचा. तो विसरून बॉनेट लावणे हीच 'डायरेक्ट'ची सुरुवात असते. पण आपल्या प्लगला तीन तारा असतील तर ही चाचणी मुळीच करू नये. ते स्विच नसून दाब मोजणारे संवेदक असते. इंजिनाच्या संगणकाकडून त्याला पाच व्होल्टांची नाजूक वीज मिळते. तेथे तारेचा तुकडा घातल्यास स्विचचा प्रश्न बाजूला राहून संगणकाचाच प्रश्न उभा राहू शकतो.

स्विच बदलायचाच झाला तर पुढील दक्षता घ्यावी. काही गाड्यांत स्विचखाली टायरच्या व्हॉल्व्हसारखी एक छोटी झडप असते; स्विच काढला तरी गॅस आत राहतो. काहींत तशी झडप नसते, आणि स्विच सैल होताच सगळा गॅस फुत्कार टाकीत बाहेर येतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची हे निश्चित ठाऊक नसेल तर गॅस आधी यंत्राने काढून घ्यावा. हा वायू उणे २६ अंशांना उकळतो. कातडीवर पडल्यास भाजल्यासारखी जखम होते, डोळ्यांत गेल्यास दृष्टीला धोका. चष्मा आणि हातमोजे यांवाचून हे काम कोणी करू नये, आणि घरातील मुलांना त्या वेळी बॉनेटजवळ उभे करू नये. चालू इंजिनाजवळ वाकताना पदर, ओढणी, गळ्यातील मफलर आवरलेले असावेत; पंखा पूर्वसूचना न देता सुरू होतो. नव्या स्विचबरोबर नवी रबरी कडी घालावी, तिला कॉम्प्रेसरच्याच तेलाचा थेंब लावावा, आणि स्विच हाताने दोन-तीन आटे फिरवून मगच पाना लावावा.

गाडी फारच जुनी असेल तर आणखी एक पाहावे. पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ हा वायू असे. आकाशातील ओझोनच्या थरास तो अपाय करतो हे १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि २००८ साली आपल्या देशातील त्या जातीच्या वायूंचे उत्पादन, औषधी फवाऱ्यांपुरता अपवाद सोडता, थांबले. तेव्हा आर-१२ ची गाडी आज चालू असेल तर ती मधल्या काळात केव्हातरी नव्या वायूवर आणलेली असण्याचा संभव मोठा. पुष्कळदा नळीची तोंडे व तेल बदलतात, पण स्विच जुनाच राहतो, आणि त्याच्या मर्यादा जुन्या वायूच्या हिशेबाने असतात. असा स्विच चांगला असूनही दुपारी लवकर सुटतो. अशा वेळी नव्या वायूसाठी बनविलेलाच स्विच मागून घ्यावा. दिसायला दोन्ही सारखे असतात, म्हणून खोक्यावरील आकडा वाचावा. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु वातावरण तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रबळ आहे. तोही हवेत सोडून देऊ नये, यंत्राने काढून घ्यावा.

सिमल्याकडून आलेल्या एका पत्रात अशी शंका होती की जानेवारीतील पहाटे काचेवरचे धुके घालविण्यासाठी एसी लावला तर तो लागतच नाही, दुपारी लागतो. वर दिलेल्या हिशेबाने याचे उत्तर मिळते. शून्य अंशाला या वायूचा दाब जेमतेम २ किलो असतो. स्विचच्या दृष्टीने गॅस गळून जाणे आणि कडाक्याची थंडी पडणे यांत फरकच नाही. दोन्ही वेळी तो सुटलेला राहतो. ही बिघाडाची खूण नव्हे. त्यासाठी गाडी कारागिराकडे नेऊ नये; काचेवर हीटरची गरम हवा सोडावी.

मामांचा गेल्या आठवड्यात पुन्हा दूरध्वनी आला होता. मामी आता परतताना गाडीत डोळे मिटून पडतात, घर येईपर्यंत त्यांना झोप लागते. मामांची तक्रार निराळीच होती : नवा पंखा आवाज फार करतो. मी त्यांना म्हटले, "तो आवाज ऐकू येईनासा झाला तर मात्र त्याच दिवशी कळवा."